मंडळाचा हिशेब तिसऱ्याने का बघायचा? ब्रिटनमधल्या छोट्या संस्थांची ‘स्वतंत्र तपासणी’

वार्षिक सभेत शेवटचा विषय हिशेबाचा. आतून मसालेभाताचा वास यायला लागलेला असतो, खजिनदार कागद वाटत फिरतात आणि मागच्या रांगेतून कुणीतरी विचारते, “ऑडिट झालंय ना?” पुढून उत्तर येते, “हो हो, झालंय.” माना डोलतात, ठराव मंजूर होतो.

इंग्लंडमधल्या छोट्या मंडळांचे हिशेब मी गेली काही वर्षे तपासते. हे उत्तर मी अनेकदा ऐकले आहे. देणाऱ्याच्या मनात काही खोट नसते, पण उत्तर चुकीचे असते. ऑडिट झालेले नसते. झालेली असते ती ‘इंडिपेंडंट एक्झामिनेशन’, म्हणजे स्वतंत्र तपासणी, आणि ती ऑडिटपेक्षा निराळी गोष्ट आहे.

हे आत्ताच लिहायचे कारण म्हणजे २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने या तपासणीच्या मर्यादा वाढवण्याचा निर्णय जाहीर केला. आजवर वर्षाला २५,००० पौंडांपेक्षा जास्त उत्पन्न असलेल्या संस्थेला तपासणी लागत असे, ती मर्यादा ४०,००० होणार. पूर्ण ऑडिट १० लाख पौंडांच्या वर लागत असे, तिथे १५ लाख. बातमी येताच मंडळांच्या व्हॉट्सॲप गटांवर “आता कटकट मिटली” असे निरोप फिरले. कटकट हा शब्द मला लागला, म्हणून हा लेख. पुढे मी २०११ च्या कायद्यातले जुने, सवयीचे आकडेच वापरले आहेत, कारण अनेकांच्या हातातले हिशेब अजून त्याच आकड्यांचे आहेत. तुमच्या वर्षाला कोणता आकडा लागू होतो, ते तुमचे हिशेबी वर्ष कोणत्या तारखेला संपते त्यावर ठरेल.

कार्यकारिणी म्हणजेच विश्वस्त

इंग्लंड आणि वेल्समध्ये चॅरिटी कमिशन ही नियामक संस्था आहे आणि चॅरिटीज ॲक्ट २०११ हा मुख्य कायदा. लोकहितासाठी चालणाऱ्या संस्थेचे वार्षिक उत्पन्न ५,००० पौंडांच्या वर गेले की सहसा नोंदणी करावी लागते. सीआयओ, म्हणजे ‘चॅरिटेबल इनकॉर्पोरेटेड ऑर्गनायझेशन’, या प्रकारच्या संस्थेला उत्पन्न कितीही असले तरी नोंदणी हवीच. आपण ज्यांना अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार आणि कार्यकारिणी सदस्य म्हणतो, ते कायद्याच्या नजरेत सगळे विश्वस्त. हिशेबाची जबाबदारी त्या सगळ्यांची मिळून असते. “ते खजिनदार बघतात” हे वाक्य कायद्यात कुठे बसत नाही. नाट्यप्रयोगाची तिकिटे सांभाळणारी सदस्यही हिशेबाला तितकीच बांधील असते.

मराठी माणसाला इथे संस्था चालवणे नवे नाही. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचे आहे. स्वतंत्र तपासणीची सोय मात्र १९९० च्या दशकात कायद्यात आली. छोट्या संस्थांना ऑडिटचा खर्च झेपत नाही, पण देणगीदारांच्या पैशावर कुणाची तरी नजर तर हवी. त्या दोन्हींमधून काढलेली ही वाट आहे.

महाराष्ट्रातून आलेल्या मंडळींचा गोंधळ का होतो तेही सांगते. तिकडे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० प्रमाणे विश्वस्त संस्थेचे हिशेब दरवर्षी सीएकडून किंवा सरकारने अधिकार दिलेल्या व्यक्तीकडून तपासून घ्यायचे असतात आणि तो अहवाल धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे जातो. त्यामुळे हिशेब तपासणे म्हणजे ऑडिट आणि ते करणारा म्हणजे सीए, हे डोक्यात पक्के बसलेले असते.

जमाखर्च लिहायचा की ताळेबंद?

दोन पद्धती आहेत. पहिली जमाखर्चाची. आईची रोजखर्चाची वही आठवा: हातात पैसे आले, लिहिले; हातातून गेले, लिहिले; महिनाअखेर डब्यात किती उरले ते मोजले. दुसरी उत्पन्न-खर्च आणि ताळेबंदाची. ही किराणा दुकानदाराची पद्धत. कोण किती देणे लागतो, कुणाला किती द्यायचे आहेत, ते पैसे अजून हलले नसले तरी लिहायचे.

संस्था कंपनी म्हणून नोंदलेली नसेल आणि उत्पन्न अडीच लाख पौंडांपर्यंत असेल, तर आईची वही चालते. सीआयओलाही चालते. सोबत मालमत्ता आणि देण्यांची एक यादी जोडायची: बँकेत किती, दिवाळी कार्यक्रमाच्या हॉलची अनामत किती अडकली आहे, ढोल-ताशे किती, छापखान्याचे बिल द्यायचे राहिले आहे का. संस्था कंपनी असेल, तर रक्कम कितीही छोटी असो, दुसरी पद्धत घ्यावी लागते.

बहुतेक मंडळांना पहिलीच पद्धत पुरते. तरी हौसेने ताळेबंद करायला घेतलेले खजिनदार मी पाहिले आहेत. साध्या वहीत स्पष्ट दिसले असते ते मग आठ पानांत हरवते.

उत्पन्न म्हणजे उरलेला पैसा नव्हे

इथे सगळ्यात जास्त मंडळे फसतात, म्हणून जरा थांबते. मर्यादा मोजताना एकूण उत्पन्न धरायचे, खर्च वजा न करता. समजा दिवाळीच्या कार्यक्रमाची तिकिटे १४,००० पौंडांची गेली. कलाकार, हॉल आणि फराळावर १३,५०० गेले. खजिनदार म्हणतात, “कार्यक्रमातून पाचशे मिळाले,” आणि हिशेबात ५०० लिहितात. असे लिहायचे नाही. उत्पन्न १४,०००, खर्च १३,५००, दोन्ही पूर्ण लिहायचे.

त्यात वर्गणी ५,००० आणि गणेशोत्सवाच्या देणग्या, जाहिराती मिळून ९,०००. एकूण २८,००० झाले आणि मंडळ २५,००० च्या रेषेपलीकडे गेले. शिल्लक धरून मोजले असते तर १४,५०० वरच थांबलो असतो आणि लागू असलेली तपासणी न करताच वर्ष बंद केले असते. यात कुणाचा लबाडीचा हेतू नसतो, घरखर्चाची सवय नडते. “काय उरलं?” हा आपल्याकडे नेहमी पहिला प्रश्न असतो ना. कायदा आधी “काय आलं?” असे विचारतो.

मग ऑडिटमध्ये आणि यात फरक काय?

मला पटलेली सोपी खूण अशी: ऑडिटर वहीच्या बाहेर जातो, तपासनीस वहीत राहतो.

ऑडिटर बँकेकडून थेट खातरजमा मागू शकतो, माल मोजतो, व्यवस्था कशी चालते ते तपासतो आणि शेवटी ठाम मत देतो की हे हिशेब खरे आणि योग्य चित्र दाखवतात. तपासनीस वही, पावत्या आणि बँकेचे उतारे बघतो, हिशेब त्यांच्याशी जुळतात का ते पाहतो, मागच्या वर्षापेक्षा काही विचित्र वाढले-घटले असेल तर विश्वस्तांना विचारतो. विश्वस्तांनी स्वतःशी किंवा नातलगांशी व्यवहार केले आहेत का, संस्था पुढचे वर्षभर तग धरेल का, हेही बघतो. चॅरिटी कमिशनने त्यासाठी १३ निर्देश घालून दिले आहेत आणि तपासनिसाला ते पाळावेच लागतात. ओळखीच्या गृहस्थांनी पाने चाळून “ठीक आहे” लिहिले, तर ती स्वतंत्र तपासणी होत नाही.

अहवालाची भाषाही नीट वाचायला हवी. तो “हिशेब बरोबर आहेत” असे म्हणत नाही. नोंदी नीट ठेवलेल्या नाहीत किंवा हिशेब नोंदींशी जुळत नाहीत असे वाटायला लावणारे काही महत्त्वाचे माझ्या नजरेस आले नाही, असे म्हणतो. सोसायटीचा रखवालदार सकाळी सांगतो, “फेरी मारली, वावगं काही दिसलं नाही.” प्रत्येक फ्लॅटचे कुलूप त्याने उघडून बघितलेले नसते. म्हणून त्याच्या फेरीला किंमत नाही असे आपण म्हणतो का? फेरी खरोखर मारली असेल आणि त्याचे डोळे उघडे असतील, तर ती पुष्कळ मोलाची आहे. फक्त सभेत तिला ‘ऑडिट’ म्हणू नये. देणगीदाराला जेवढी खात्री मिळाली आहे, तेवढीच सांगावी.

एक डबा, एक उतारा आणि बावन्न पौंड

फेरी म्हणजे काय ते एका डब्यावरून सांगते. मंडळाचे नाव सांगत नाही, गोष्ट कुठल्याही मंडळात घडू शकते.

गणपतीच्या दहा दिवसांतली देणगीपेटी. बँकेच्या उताऱ्यावर सप्टेंबरमध्ये रोख भरणा १,१४० पौंड. हिशेबात ‘पेटीतील देणग्या’ १,१४०. जुळले. पण पावत्यांच्या खोक्यात एका लिफाफ्याच्या मागे पेन्सिलने आकडेमोड होती: वीसच्या नोटा इतक्या, दहाच्या इतक्या, नाणी इतकी. बेरीज १,१९२. खाली दोन सह्या. बावन्न पौंडांचा फरक.

मी खजिनदारांना फोन केला. त्यांना लगेच आठवले. विसर्जनाच्या सकाळी फुले आणि नारळ कमी पडले, दुकान उघडे होते, कार्ड घरी राहिले होते, तेव्हा पेटीतूनच बावन्न पौंड दिले. पावतीही सापडली, दुसऱ्याच पाकिटात.

एक पेनीही गेलेली नव्हती, आणि तरीही हिशेब चुकलेला होता. देणग्या १,१९२ लिहायच्या, फुले-नारळ ५२ लिहायचे. पेटीत पडलेला प्रत्येक पैसा आधी बँकेत जायचा आणि खर्च बँकेतून व्हायचा. हा नियम बावन्न पौंडांसाठी नाही. पुढच्या वर्षी पेटी दुसऱ्या कुणाच्या हातात असेल आणि मोजणीचा लिफाफा नसेल, तर किती आले होते हे कुणालाच कधी कळणार नाही, त्यासाठी आहे.

त्या लिफाफ्यावरच्या दोन सह्यांचे मला फार कौतुक वाटले. पेटी दोघांनी मिळून उघडायची, दोघांनी मोजायची, दोघे एकाच घरातले नसावेत आणि मोजणीचा कागद जपून ठेवायचा. एवढी एक सवय मंडळाने लावून घेतली तरी तपासणीतले निम्मे प्रश्न निघतच नाहीत. हिशेबाची कागदपत्रे वर्ष संपल्यापासून निदान सहा वर्षे ठेवायची असतात, तेव्हा खोके फेकू नका.

ठरावीक कामासाठी दिलेला पैसा

शेजारच्या काकूंनी तुमच्याकडे आजोबांच्या औषधासाठी पाचशे रुपये ठेवायला दिले. घरात भाजी नाही म्हणून तुम्ही त्यातून भाजी आणाल का? उद्या परत ठेवणार असलात तरी?

चॅरिटीच्या हिशेबात अशा पैशाला उद्दिष्टबद्ध निधी म्हणतात. देणाऱ्याने किंवा आवाहनाने ज्या कामासाठी दिला, त्याच कामाला वापरायचा आणि हिशेबात वेगळ्या रकान्यात दाखवायचा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला महापूर आला. समजा त्या वेळी इथल्या एका मंडळाने पूरग्रस्तांसाठी ६,००० पौंड जमवले. हे पैसे मंडळाचे नाहीत. मंडळ फक्त हमाल आहे, ओझे पोचवायचे.

पोचवणे सोपे नसते. भारतात परदेशी देणगी घ्यायची तर घेणाऱ्या संस्थेकडे परकीय योगदान नियमन कायदा, २०१० खाली नोंदणी किंवा परवानगी हवी. २०२० च्या दुरुस्तीनंतर नोंदणीकृत संस्थांना तो पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खास खात्यातच घ्यावा लागतो. गावातल्या ज्या तरुणांनी छातीभर पाण्यात काम केले, त्यांच्या संस्थेकडे ही नोंदणी बहुधा नसते. मग मार्च उजाडतो, वर्ष संपते आणि ६,००० इथल्याच बँकेत पडून असतात.

हिशेबात ते ‘शिल्लक’ म्हणून दिसतात आणि तिथे मोह सुरू होतो. कार्यकारिणीतले कुणी भल्या मनाने म्हणते, “आत्ता हॉलचं भाडं देऊ, तिकिटांचे आले की भरून टाकू.” तपासनीस नेमके हे बघतो: उद्दिष्टबद्ध निधी ६,००० आणि वर्षअखेर बँकेत सगळे मिळून ४,२००. म्हणजे पूरग्रस्तांचे १,८०० कुठेतरी वापरले गेले. असे दिसले की मी थांबते आणि लेखी विचारते. हॉलचे भाडे, जेवण, साउंड यांपैकी काहीही या पैशातून देता येत नाही, कितीही अडचण असली तरी. ठरल्या कामाला पैसा देणे खरेच अशक्य झाले, तर देणगीदारांना विचारणे, परत करणे किंवा कमिशनच्या मार्गाने उद्देश बदलणे, याचे नियम आहेत. सभेत हात वर करून तो बदलता येत नाही.

विश्वस्तांनी स्वतः बाजूला काढलेला पैसा वेगळा. “नव्या मूर्तीसाठी २,००० ठेवू” असे कार्यकारिणीनेच ठरवले असेल, तर तो निर्णय कार्यकारिणी बदलू शकते. दोन्हींत फरक एवढाच की शब्द कुणी दिला होता.

तपासनीस कोण होऊ शकतो?

कायदा दोन गोष्टी मागतो: माणूस स्वतंत्र हवा, आणि हे काम नीट करण्याइतकी क्षमता आणि अनुभव त्याच्याकडे आहे असे विश्वस्तांना सकारण वाटायला हवे. अडीच लाख पौंडांपर्यंत पदवीची सक्ती नाही. निवृत्त बँक अधिकारी किंवा शाळेचे पैसे सांभाळणारी, हिशेब कळणारी बर्सरही चालते. अडीच लाखांच्या वर मात्र कायद्यातल्या यादीतील व्यावसायिक संस्थेचे सदस्यत्व लागते. भारतातल्या सीए संस्थेचे नाव त्या यादीत नाही, हे आपल्या अनेक सीए मित्रांना माहीत नसते. छोट्या मंडळासाठी त्यांचा अनुभव सोन्यासारखा आहे, मोठ्या संस्थेसाठी सही चालणार नाही.

स्वतंत्र कोण नाही? विश्वस्त, विश्वस्ताचा नवरा-बायको, भाऊ-बहीण किंवा मूल, धंद्यातला भागीदार, आणि वर्षभर मंडळाची वही लिहिणारी व्यक्ती. हे शेवटचे महत्त्वाचे आहे. स्वतः लिहिलेला पेपर स्वतः तपासायचा नाही. आपल्या मंडळांत सगळेच एकमेकांचे कुणीतरी असतात, म्हणून शेजारच्या शहरातला माणूस शोधावा असे मी सांगते. “तू आमचे बघ, मी तुमचे बघतो” अशी देवाणघेवाण मला बरी वाटत नाही. दोघांचाही हात आखडतो.

“सगळे ओळखीचे आहेत, हा अविश्वास कशाला?”

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि विचारणाऱ्याच्या आवाजात दुखावलेपण असते. मी समजू शकते. नोकरी सांभाळून, रात्री अकराला पावत्या लावणाऱ्या खजिनदाराला कुणी प्रश्न विचारले की लागणारच.

पण उलट बाजूने बघा. कुजबुज सुरू झाली, तर त्या खजिनदाराकडे दाखवायला काय आहे? त्याने स्वतः केलेला कागद. ज्या वर्षी बाहेरच्या माणसाने नोंदी बघून सही केली, त्या वर्षी तो निवांत झोपू शकतो. तपासणीने मी खजिनदारांना पकडलेले क्वचितच पाहिले आहे, वाचलेले मात्र नेहमी पाहिले आहे.

“आम्ही २५,००० च्या खाली आहोत, म्हणजे सुटलो?”

तपासणीतून बहुधा सुटलात, हिशेबातून नाही. नोंदणीकृत चॅरिटीला रक्कम कितीही असो, हिशेब आणि विश्वस्तांचा वार्षिक अहवाल तयार करावाच लागतो, आणि कुणीही मागितले तर हिशेब द्यावे लागतात. १०,००० पौंडांवर उत्पन्न असेल तर वर्ष संपल्यापासून दहा महिन्यांत वार्षिक विवरण भरायचे. उशीर झाला तर कमिशनच्या नोंदवहीत तुमच्या नावापुढे तो दिसतो, आणि अनुदान देणारे आधी तिथेच बघतात.

आपली घटनाही काढून वाचा. “हिशेबांचे दरवर्षी ऑडिट होईल” असे कलम पंचवीस वर्षांपूर्वी कुणीतरी लिहून ठेवलेले असू शकते. कायदा सोडेल, पण तुमची घटना सोडणार नाही. एक तर ते पाळा, नाहीतर रीतसर बदला. आणि मंडळ स्कॉटलंडमध्ये असेल तर हा प्रश्नच नाही: तिथे खालची मर्यादा नाही, सगळ्यात छोट्या नोंदणीकृत संस्थेलाही निदान स्वतंत्र तपासणी लागते.

“काही सापडलं तर तुम्ही आमची तक्रार करणार?”

साध्या चुका विश्वस्तांना सांगून दुरुस्त करून घेतल्या जातात. वरचे बावन्न पौंड तसेच. पण अफरातफर, गुन्ह्याचा पैसा, दहशतवादाला मदत, मुलांना किंवा लाभार्थींना धोका अशा गंभीर गोष्टी दिसल्या, तर तपासनिसाला कमिशनला कळवावेच लागते. मी एक पैसाही न घेता तपासत असले तरी. यात मला निवड नाही, आणि काम स्वीकारतानाच मी हे विश्वस्तांना सांगते, म्हणजे नंतर कुणाला धक्का बसत नाही.

सह्यांचा क्रम

एप्रिलमध्ये माझ्याकडे काय पाठवायचे असे विचारतात. वही किंवा स्प्रेडशीट, वर्षभराचे सगळे बँक उतारे, पावत्या, रोख मोजणीचे कागद, कार्यकारिणीच्या सभांची इतिवृत्ते, मागच्या वर्षीचे हिशेब आणि घटना. इतिवृत्ते का, असे विचारतात. हजार पौंडांचा साउंड सिस्टिमचा खर्च कुणी मंजूर केला हे तिथेच सापडते.

हिशेब मात्र तुम्ही तयार केलेले हवेत. माझे प्रश्न, तुमची उत्तरे आणि दुरुस्त्या झाल्या की कार्यकारिणीच्या सभेत हिशेब मांडा, मंजूर करा, दोन विश्वस्तांनी तारखेसह सही करा आणि ती प्रत मला पाठवा. त्या सह्या पाहिल्यावर मी माझ्या अहवालावर सही करते, त्याच दिवसाची किंवा नंतरची तारीख घालून, आणि खोके परत न्यायला तुम्हाला फोन करते.